केळशी ते दाभोळ: तेलगळतीसाठी किनाऱ्याचा संवेदनशीलता नकाशा, कामाच्या नोंदी

समुद्रात तेल सांडलं तर दापोली तालुक्याच्या किनाऱ्याचा कुठला तुकडा आधी वाचवायचा आणि कुठला लाटांवर सोपवून द्यायचा, हे दाखवणारा नकाशा आम्ही करतोय. आम्ही तिघं आहोत. मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं काम करतो, मित्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि तिसरे हर्णैचे एक तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख), त्यांना आम्ही काका म्हणतो. पद्धत अमेरिकेतल्या 'नोआ' या संस्थेची, ईएसआय नावाची. किनाऱ्याच्या प्रत्येक प्रकाराला १ ते १० क्रमांक द्यायचा, पोटप्रकार असेल तर पुढे ए, बी असं अक्षर. १ म्हणजे लाटांचा थेट मारा खाणारा उघडा कातळ, तिथे तेल ठरत नाही. १० म्हणजे दलदल आणि कांदळवन, तिथे शिरलेलं तेल वर्षानुवर्षं निघत नाही. यापलीकडची थिअरी इथे लिहीत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात कुणाला हेच काम करायचं असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

६ ऑक्टोबर २०२४

घरबसल्या जेवढं होईल तेवढं उरकायचं ठरवलं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची किनारारेषा घेतली. ती काही ठिकाणी माडांच्या बागेतून जाते, तर काही ठिकाणी पाण्यातून. टाकून दिली. उपग्रह चित्रावर १:५००० ला झूम करून रेषा हाताने ओढायला घेतली. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

दुसरा प्रयोग सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवर, हिरवाईच्या निर्देशांकाने कांदळवन आपोआप वेगळं काढण्याचा. निकाल बघून हसू आलं. आंजर्ले आणि केळशीच्या पुळणीमागचं (वाळूच्या किनाऱ्यामागचं) सुरूचं बन सगळं कांदळवन म्हणून आलं. कोरड्या वाळूवरच्या सुरूला १० क्रमांक! उंचीचा थर घालून काही सुरू गाळला, पण त्याबरोबर खाडीच्या वरच्या अंगाची खरी कांदळंही गेली. शेवटी हिरवा थर फक्त 'इथे जाऊन बघा' एवढ्याच कामाचा ठेवला.

मोठी अडचण संध्याकाळी काकांना चित्रं दाखवली तेव्हा कळली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची चित्रं पाहून ते म्हणाले, "ही सगळी भरतीची आहेत. आमचं खडप कुठे दिसतंय यात?" खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा कातळ. मी म्हटलं, वेगवेगळ्या महिन्यांची आहेत, सगळी भरतीची कशी असतील? त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. सेंटिनेल-२ आपल्या किनाऱ्यावरून जातो तोही दर वेळी त्याच सुमाराला, सकाळी अकरा-सव्वाअकराला. म्हणजे उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवशी उपग्रह येतो तो नेमका पूर्ण भरतीला. अष्टमीला हिशेब सहाचा, म्हणून ओहोटी बाराला. त्या दिवशी उपग्रहाला ओहोटी दिसते खरी, पण ती भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीची, पाणी फार खाली जातच नाही.

थोडक्यात, उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा सगळ्यात खालचा पट्टा या उपग्रहाला कधीच दिसत नाही. कितीही वर्षांची चित्रं जमवली तरी नाही. पाच-सहा दिवस जी चित्रं मी निवडून निवडून उतरवत होतो, त्यांचा उपयोग आता एवढाच: उधाणाच्या चित्रांवरून वरची भरतीरेषा घ्यायची. खालची रेषा पायानेच काढावी लागणार.

१८ ऑक्टोबर

कोजागिरीनंतरचं उधाण. आडे ते पाडले या भागापासून सुरुवात. क्यूफील्ड हे नकाशाचं ॲप मोबाईलवर, नकाशाच्या टाइल्स आधीच उतरवून ठेवलेल्या, कारण डोंगराच्या पायथ्याशी रेंज नावालाही नसते.

भरती-ओहोटीच्या ॲपमध्ये जवळचं बंदर म्हणून मुंबई निवडलेलं होतं. त्या हिशेबाने ओहोटीचा तळ सहानंतर यायचा होता. आम्ही खडपाच्या टोकाला पोचलो तर पाणी फिरलेलं. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना भरती उशिरा होत जाते, त्यामुळे आपल्याकडे ती मुंबईच्या अर्धा-पाऊण तास आधी होते. काकांची पाऊणपटही मुंबईला जास्त जुळते. ते स्वतः त्यातून 'थोडं आधी' धरतात, पण ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असल्याने सांगायचं राहिलं.

उजेडाचा हिशेबही आताच सांगून ठेवतो. उधाणाची ओहोटी पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. हिवाळ्यात सहाला अंधारतं. म्हणजे खालचा पट्टा बघायला जेमतेम दोन तास. टोकाला आधी जायचं आणि परत येताना नोंदी करायच्या, हा क्रम पाळा. आम्ही उलट गेलो होतो. एका मोबाईलने खारं पाणी प्यायलं, तो दुरुस्त होण्यातला नव्हता. अकरा हजार गेले. त्यानंतर सगळे मोबाईल साध्या झिप पिशवीत.

१६ नोव्हेंबर

कार्तिकी पौर्णिमेचं उधाण. हर्णै बंदर आणि सुवर्णदुर्गाच्या मधली खाडी.

इथे पद्धतीची गंमत कळते. सुवर्णदुर्गाच्या बेटाचा दगड सगळीकडे एकच, काळा बेसाल्ट. पण पश्चिमेच्या अंगाला लाट थेट आपटते, तिथे १ ए. किनाऱ्याकडच्या अंगाला बेटाचाच आडोसा, पाणी शांत, कातळाच्या फटीत कालवं, शेवाळ, खेकडे. तिथे ८ ए. शंभरेक पावलांत सगळ्यात कमी संवेदनशील जागेवरून जवळजवळ सगळ्यात जास्त संवेदनशील जागेवर. दगड बघून क्रमांक देऊ नका, त्याच्यावर पाणी कसं येतं ते बघा.

आता आमचा घरचा घोळ: जांभा, कोकणातला तांबडा सच्छिद्र दगड. ईएसआयच्या यादीत तो नाही, कारण यादी ज्या किनाऱ्यांवर बेतली तिथे तो नव्हता. आपल्याकडे वरच्या सड्यावरून (पठारावरून) सुटलेले जांभ्याचे धोंडे कड्याखाली पडलेले असतात. उघड्या कड्याखालच्या धोंड्यांना यादीत १ सी आहे, आणि तो क्रमांक देऊन मोकळं होता आलं असतं. पण १ क्रमांकामागचं गृहीतक असं की दगड तेल पीत नाही. जांभा पितो. मित्राने एक ढेपा घरी आणून त्यावर गाडीचं जुनं इंजिन ऑइल ओतलं. सकाळपर्यंत अर्धं आत गेलं होतं. तेच बेसाल्टच्या तुकड्यावर ओतलं तर पाण्याच्या माऱ्याने बरंचसं धुऊन निघालं. अंगणातला प्रयोग आहे, प्रयोगशाळेतला नाही. तरी त्यावरून ठरवलं की जांभ्याच्या धोंड्यांना गोट्यांच्या किनाऱ्यासारखं धरायचं, म्हणजे ६ ए, आणि शेऱ्यात 'जांभा' लिहायचं. कुणाला हे चूक वाटलं तर शेऱ्यावरून गाळता येईल.

बांधलेल्या किनाऱ्याबद्दलही एक. सपाट काँक्रीटची उघडी भिंत १ बी. पण धूपप्रतिबंधक बंधारा म्हणून नुसते मोठे धोंडे रचलेले असतील तर ६ बी. तेल त्या फटींतून आत उतरतं आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. पुळणीला असा बंधारा घातला की तेलाच्या हिशेबात तो किनारा ३ वरून ६ वर जातो. बंधारा मागणाऱ्याला आणि मंजूर करणाऱ्याला हे कुणी सांगत असेल असं वाटत नाही.

२४ नोव्हेंबर

निवडणुकीत आठवडा गेला, होडीही मिळाली नाही. आज भांग, ओहोटी भर दुपारी, उजेड भरपूर. खालचा पट्टा बघायला निरुपयोगी दिवस, म्हणून वाळूचं काम काढलं: मुरूड, कर्दे, आंजर्ले.

बारीक-मध्यम वाळू ३ ए आणि भरड वाळू ४. कण जितका भरड तितकं तेल खोल उतरतं. अर्ध्या मिलिमीटरच्या वरचा कण भरड, दोन मिलिमीटरच्या वर खडी. प्रयोगशाळेच्या चाळण्यांचा संच आमच्या खिशाबाहेरचा. बाजारातून रव्याची आणि मैद्याची चाळण आणली, दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आत. भोकं मोजायला जाळीवर पट्टी ठेवून मोबाईलच्या मॅक्रोने फोटो काढला आणि एका सेंटिमीटरमधली भोकं मोजली. हे कराच, कारण 'मैद्याची' म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन चाळण्या सारख्या नव्हत्या. वाळू आधी गोड्या पाण्यात धुवा, मग उन्हात वाळवा. मिठाने कण एकमेकांना चिकटतात आणि बारीक वाळूही भरड दाखवते. आंजर्ल्याचा पहिला नमुना याच कारणाने फेकावा लागला.

मुरूड-कर्द्याला काही करायची गरजच नव्हती. वाळू इतकी घट्ट आहे की तिच्यावरून लोक गाड्या पळवतात. ३ ए.

१५ डिसेंबर

आंजर्ल्याची खाडी. खाडीत उलटा नियम: उधाणाची भरती पकडून आत जायचं आणि ओहोटीबरोबर बाहेर यायचं. होडी आणि डिझेल मिळून तीन हजार. चालत जाऊन बघितलं असतं तर फुकट झालं असतं, पण कांदळवनात चालणं हेच मुळात नुकसान. पुढे कधी तेल आलंच तर हीच सूचना सगळ्यात महत्त्वाची ठरेल: आत माणसं घालू नका. माणसाच्या पायाने तेल चिखलात खोल दाबलं जातं, आणि झाडाला श्वास घेऊ देणारी वर आलेली मुळं मोडतात.

काठाला चिपी, मागे तिवर, मध्ये कुठे कुठे कांदळ, ही सगळी कांदळवनातली झाडं. खाडीच्या बाजूने चिखलपट्टी. अशा जागी दोन क्रमांक लिहायचे, जमिनीकडून पाण्याकडे: १० डी / ९ ए. आम्ही आधी एकच मोठा क्रमांक लिहीत होतो, त्यामुळे चिखलपट्टी नकाशातून नाहीशी व्हायची.

खरं काम निघालं ते खाजणांत, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या खारजमिनीत. जुने बांध फुटलेले, भातशेती सुटलेली, आणि शेतात तिवर उगवलेलं. सातबारावर शेत, उपग्रहावर जंगल, प्रत्यक्षात रोज दोनदा पाणी आत-बाहेर. तिथे १० डीच. जिथे बांध शाबूत आहे तिथे उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार बघायचं. उघाडीच्या फळ्या जागेवर असतील तर तेल आत येण्याआधी त्या पाडता येतात, आणि एवढ्या एका कृतीने मागचं सगळं खाजण वाचतं. एकाही नमुना नकाशात उघाडीसाठी चिन्ह सापडलं नाही. आम्ही नवीन केलं, दोन रंगांत: फळ्या चालणारी हिरवी, मोडलेली काळी. काळ्याच जास्त झाल्या.

परतताना काकांनी २०१० ची आठवण काढली. ७ ऑगस्टला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेल उरण-अलिबागकडे आलं. मी घरी येऊन तिथी पाहिली. १० ऑगस्टला अमावास्या होती. म्हणजे तेल आलं ते चढत्या उधाणात. उधाणाच्या पाण्याबरोबर ते कांदळवनात जितकं वर गेलं, तितकं वर पुढच्या भांगात पाणीच पोचत नाही. धुणार कोण? म्हणून आमच्या नकाशावर आता दोन भरतीरेषा आहेत, एक उधाणाची आणि एक भांगाची. मधल्या पट्ट्यात अडकलेलं तेल पुढचं उधाण येईपर्यंत तिथेच बसणार.

१२ जानेवारी २०२५

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, खाडीच्या मुखाशी. क्रमांकांचं काम जवळपास झालंय असं आम्ही धरलं होतं. ओहोटीला काही बायका तिसऱ्या आणि मुळे (दोन्ही खाण्याच्या शिंपल्या) काढायला बसल्या होत्या. मित्राने त्यातल्या एका मावशींना नकाशा दाखवला, त्यांच्या पायाखालची जागा आमच्याकडे 'पाणी' होती.

"मावशी, हे किती दिवस उघडं असतं?"

"उधाणाचे चार दिवस. तेवढ्यातच तर मिळतात. वर काय आहे, नुसती वाळू."

उपग्रहाला न दिसणारा पट्टा तो हाच. मावशींच्या मागे मागे चालत कडेने जीपीएसची रेघ घेतली. त्यांनी तीन जागा वेगळ्या दाखवल्या: तिसऱ्यांची, मुळ्यांची, आणि एक जिथे पूर्वी मिळायच्या, आता मिळत नाहीत. तिसरी जागाही नोंदवली. उद्या तेल आलं आणि भरपाईची वेळ आली तर आधीपासून काय नव्हतं हेही कागदावर असलेलं बरं. जागा दाखवताना त्यांची एकच अट होती, नकाशा सगळ्यांच्या हातात जाऊ नये. बाहेरची माणसं येऊन खरवडून नेतील. त्यामुळे हा थर आम्ही उघड करणार नाही. छापील प्रतीत फक्त 'मासेमारी क्षेत्र' असा ढोबळ पट्टा येईल.

ईएसआयमध्ये किनाऱ्याच्या क्रमांकाबरोबर जीवसृष्टी आणि माणसाचा वापर असे दोन वेगळे थर असतातच. पण आपल्याकडे माणसाचा वापर म्हणजे पर्यटकांची पुळण आणि बंदर एवढंच बहुतेकदा भरलं जातं. हर्णैला मासळी सुकवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, तिसऱ्यांचा चिखल हे सगळं त्यात आलं पाहिजे.

२ मार्च

केळशी. पुळणीवर कासवांच्या घरट्यांना कुंपण घातलेलं. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालतात, पिल्लं मेपर्यंत निघत राहतात. वाळू बारीक, क्रमांक ३ ए, म्हणजे नकाशावर हा किनारा जवळजवळ बिनधास्त दिसतो. क्रमांक बदलायचा मोह झाला. बदलला नाही. क्रमांक तेल किती टिकेल ते सांगतो, कोण राहतं ते नाही. कासव जीवसृष्टीच्या थरात, महिन्यांसकट. सफाईवाल्यांना दोन वेगळे निर्णय घ्यायचे असतात, ते एका आकड्यात कोंबले की दोन्ही बिघडतात.

पुळणीत गुडघाभर खड्डे घेतले. एका खड्ड्यात हातभर खाली काळा पट्टा. मित्र लगेच म्हणाला, डांबर! पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर डांबराच्या गोळ्या येतात हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, पाऊस संपल्यावर तीच वाळू परत चढते आणि गोळ्या खाली गाडल्या जातात, त्यामुळे शंका बरोबर होती. पण कोकणच्या वाळूत इल्मेनाइट-मॅग्नेटाइटची काळी वाळूही असते. ओळख सोपी: जुन्या स्पीकरमधलं चुंबक पिशवीत गुंडाळून फिरवा. काळे कण उडून चिकटले तर खनिज. बोटांत चोळल्यावर डाग पडला आणि खोबरेल लावल्याशिवाय निघाला नाही तर डांबर. पट्टा खनिजाचा निघाला. शेजारच्या खड्ड्यात मात्र खरंच दोन गोळ्या होत्या, आवळ्याएवढ्या.

१३ एप्रिल

लाडघर, बुरोंडी, कोळथरे. लाडघरचे तांबूस गोटे ६ ए, वाळूत मिसळलेत तिथे ५. ऊन सोडलं तर काही अडलं नाही.

२६ मे

पाऊस यंदा मेमध्येच आला. दाभोळच्या खाडीचा आतला भाग राहिला तो राहिलाच, होड्या वर ओढल्या गेल्या.

काल कोचीजवळ एमएससी एल्सा-३ हे जहाज बुडालं. ६४० कंटेनर, त्यातले १३ धोकादायक मालाचे, आणि जहाजाच्या टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल, ८४ टन डिझेल. ते आपल्यापासून फार दूर, पण दिवसभर फोन येत राहिले, 'तुमचा नकाशा तयार आहे का?' तयार नव्हता. हर्णै-आंजर्ल्याचा एकच तक्ता छापण्याजोगा होता, ए३ कागदावर, १:२५,००० ला. तो काढून एका कार्यालयात नेऊन दाखवला. तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यात ट्रक कुठपर्यंत जातो?" नव्हतं ते नकाशात. तेल अडवायचे तरंगते बूम, पंप, पिंपं हे सगळं रस्त्याने येणार, आणि आम्ही महिनोन्‌महिने पाण्याच्या बाजूने बघत होतो. रात्री बसून पुळणीवर उतरणारे रस्ते घातले: ट्रक जाणारे, फक्त जीप जाणारे, फक्त पायवाट. गोळा केलेला तेलकट कचरा तात्पुरता ठेवायच्या जागाही, विहिरींपासून लांबच्या.

२० जुलै

पावसाळी आवृत्ती. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा सगळा किनारा खवळलेला असतो, तेव्हा एरवी शांत असणारे काही खडकाळ कोपरेही उघड्या वर्गात जातात. पुळणीची वाळू ओसरून खालचे धोंडे वर येतात, म्हणून काही ३ ए चे ५ झाले. खाडीतले १० मात्र बाराही महिने १० च. उलट खाडीच्या मुखाशी बूम लावायच्या ज्या जागा आम्ही हिवाळ्यात ठरवल्या, त्या पावसाळी पुरापुढे टिकणार नाहीत असं काकांचं ठाम मत आहे. त्यांनी आंजर्ल्यासाठी आतली, वळणामागची जागा दाखवली. तिथे प्रवाह तिरका लागतो. ती घेतली.

म्हणून आता दोन तक्ते: ऑक्टोबर ते मे एक, जून ते सप्टेंबर दुसरा. फाइलच्या नावातच हंगाम घातलाय, म्हणजे घाईत चुकीचा छापला जाणार नाही. दाभोळ खाडीचा आतला भाग नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की. पंचनदीपासून सुरू करू, तिथल्या उघाड्या अजून कुणी मोजलेल्या नाहीत.